मोटारींतील ठोका आणि त्याची चतुःसीमा

(लेखक : एक सेवानिवृत्त महसूल कारकून)

बैल लंगडूं लागला म्हणजे जाणता शेतकरी प्रथम त्याचा खूर उचलून पाहतो. कांटा कोठें रुतला आहे हें पाहिल्यावांचून तो गुरांच्या डॉक्टराकडे धांव घेत नाहीं. आज पुष्कळांच्या दारीं मोटार किंवा ट्रॅक्टर उभा असतो. परंतु यंत्र कुरकुरूं लागलें असतां आपण खूर उचलून पाहत नाहीं. आवाज कानीं पडतांच मनाशीं कांहीं एक ग्रह करून घेतों आणि तो ग्रहच तक्रार म्हणून मिस्त्रीला सांगतों. या चुकीपायीं प्रस्तुत लेखकावर मोठा प्रसंग ओढवणार होता. ती हकीकत आणि तिच्या निमित्तानें शिकलेली तपासाची रीत शेतकरी बंधूंपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

आमच्या घरीं एक लहान, जुनी, पेट्रोलवर चालणारी मोटार आहे. बाजारहाट, तालुक्याचें काम आणि शेतावरील फेऱ्या यांसाठीं ती वापरली जाते. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस तींतून ‘ठक्, ठक्’ असा आवाज येऊं लागला. मोटारींत आवाज करणारी वस्तु म्हणजे इंजिन, एवढेंच तेव्हां माझें ज्ञान. मी मिस्त्रीकडे गेलों आणि “इंजिनांत ठोका बसतो” असें सांगून मोकळा झालों. त्यानें बॉनेट उघडून कान दिला. इंजिन जुनें असल्यामुळें थोडी टकटक होतीच. तो म्हणाला, “भाऊसाहेब, तुम्ही म्हणतां तसा ठोका असेल तर कनेक्टिंग रॉडचें बेअरिंग गेलें असावें. इंजिन उतरविल्याशिवाय नक्की सांगतां येणार नाहीं. चाळीस हजारांच्या घरांत खर्च जाईल.”

ती रक्कम घरांत होती, पण ती रब्बीच्या बियाण्याखताची होती. शिवाय येत्या रविवारीं सून व नातवंडें यांना घेऊन घाट उतरून लग्नास जावयाचें होतें. मी विचारांत पडलों. रात्रीं जेवतांना पत्नीनें सहज विचारलें, “अहो, गाडी नुसती उभी असतां तो आवाज येतो का?”

मला उत्तर देतां येईना. तीस वर्षांहून अधिक काळ मीं लोकांचे जबाब व पंचनामे लिहिले. ‘केव्हां’ आणि ‘कोठें’ हीं दोन कलमें रिकामीं असलेला अर्ज मीं कधीं पुढें पाठविला नाहीं. आणि माझ्या स्वतःच्या तक्रारींत नेमकीं तींच दोन कलमें कोरीं होतीं! मिस्त्रीचा यांत दोष नव्हता. त्याला मीं हकीकत न सांगतां निकालच सांगितला होता.

चतुःसीमा कशी आंखावी

जमिनीचा दस्त लिहितांना आपण चारी बाजूंच्या सीमा नोंदवितों. त्यामुळें मधला तुकडा कोणता याविषयीं वाद उरत नाहीं. आवाजाचेंही तसेंच करावें. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, आवाज बदलतो किंवा नाहीं तें पाहावें आणि वहींत लिहून ठेवावें. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर पुरावा फुकट जातो.

पहिली सीमा इंजिनाची. मोटार उभी करून, हाताचा ब्रेक ओढून, गियर न्यूट्रलमध्यें ठेवावा व ॲक्सिलरेटर हळू हळू दाबावा. ठोका इंजिनाच्या वेगाबरोबर जलद होत गेला तर दोष इंजिनांत किंवा त्यास जोडलेल्या भागांत असण्याचा संभव मोठा. बारीक व हलकी टकटक बहुधा टॅपेटची असते. ती इंजिनाच्या फेऱ्यांच्या निम्म्या गतीनें होते. जड व खोल ठोका, जो इंजिनावर भार पडतांच वाढतो, तो बेअरिंगचा असूं शकतो. अशा वेळीं तेलाची पातळी तत्काळ पाहावी. तेलाचा लाल दिवा लागला असल्यास इंजिन बंद करावें व पुन्हां सुरू करूं नये. डिझेलच्या इंजिनांत ठिणगी नसते. दाबानें तापलेल्या हवेंत इंधन पेटतें. म्हणून थंडीच्या सकाळीं ट्रॅक्टर सुरू करतांच कांहीं वेळ खडखड अधिक वाटली तर घाबरण्याचें कारण नाहीं. इंजिन तापल्यावरही ती कमी न झाल्यास मात्र तपास करावा.

दुसरी सीमा चालीची. सपाट, मोकळ्या रस्त्यावर मोटार सावकाश चालवावी व क्लच दाबून इंजिनाची गति उतरूं द्यावी. इंजिन मंदावलें तरी ठोका चाकांच्या चालीनेंच पडत राहिला, तर इंजिन बहुतेक निर्दोष ठरतें. ही परीक्षा उतारावर किंवा घाटांत कदापि करूं नये; चालत्या मोटारीचें इंजिन बंद तर मुळींच करूं नये, कारण त्यामुळें ब्रेक व स्टिअरिंग यांना मिळणारें साहाय्य नाहींसें होतें.

तिसरी सीमा रस्त्याची. गुळगुळीत रस्त्यावर आवाज नाहीं, पण खड्डा आला कीं ‘धप्प’ असा एकच ठोका बसतो, तर शॉक-ॲब्सॉर्बर, रबरी बुश किंवा चाकास धरणारे सांधे झिजलेले असावेत. येथें एक गमतीची पण उपयुक्त सूचना : प्रथम डिकी रिकामी करावी. सैल पडलेला जॅक, पाना किंवा औषधाचा डबा यांनींही पुष्कळांस फसविलें आहे.

चौथी सीमा वळणाची व ब्रेकची. पुढील चाकांना ओढ असलेल्या मोटारींत स्टिअरिंग पूर्ण वळवून निघतांना ‘कट्-कट्’ असा आवाज आल्यास बाहेरील सांध्याकडे पाहावें; त्यावरील रबरी टोपी फाटून आंत माती गेलेली आढळते. ब्रेकवर हलका पाय ठेवतांच जो खडखडाट थांबतो, तो बहुधा ब्रेकच्या सैल भागांचा असतो.

खडूची खूण

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मुलास बरोबर घेऊन मी गांवाबाहेरील सपाट रस्त्यावर गेलों. उभ्या मोटारींत इंजिनाचा वेग वाढविला, ठोका नाहीं. पहिल्या कलमासच चाळीस हजारांचें बेअरिंग संशयितांच्या यादींतून बहुतांशीं उतरलें. मोटार चालूं लागतांच ठोका सुरू; क्लच दाबला तरी चालूच. डिकी रिकामी केली, फरक नाहीं. खड्ड्याशीं संबंध नाहीं. ब्रेकनेंही थांबेना. मात्र उजवीकडे वळतांना तो अधिक स्पष्ट होई.

आतां थोडें गणित केलें. आमच्या मोटारीचें चाक सुमारें ६० सेंटिमीटर व्यासाचें, म्हणजे एका फेऱ्यांत जवळ जवळ १ मीटर ९० सेंटिमीटर अंतर जातें. ताशीं १० किलोमीटर वेगास चाकाचे दर सेकंदास दीड फेरा होतो. याच्या उलट इंजिन नुसतें चालू ठेविलें असतां मिनिटास सुमारें ८०० फेरे घेतें, म्हणजे सेकंदास १३. इतके ठोके कानानें मोजतां येत नाहींत. दीड मात्र कोणीही मोजूं शकेल. मीं घड्याळ धरून मोजले : १० सेकंदांत १५.

तेव्हां आवाज चाकाचा हें ठरलें. पण चार चाकांपैकीं कोणत्या? आंत बसणारास तो पुढून येतो असें वाटे. मोटारीचें अंग पत्र्याचें असल्यानें आवाज भलत्याच ठिकाणीं ऐकूं येतो. मीं प्रत्येक टायरवर खडूनें एक खूण केली. मुलास माणसाच्या चालीनें गाडी हांकण्यास सांगून मी बाजूनें, हातभर अंतर ठेवून, चालत राहिलों. मागील डाव्या चाकाची खूण दर फेऱ्यांत एका ठराविक जागीं आली कीं ‘ठक्’!

गाडी थांबविली. चाकावरची टोपी काढली. नटांभोंवतीं तांबूस काळपट ओघळ दिसत होते. पाना लावण्यापूर्वीं सहज बोटांनीं फिरवून पाहिलें, तों चारपैकीं तीन नट नुसत्या हातानें फिरले.

मला जागीं घाम फुटला. तीन आठवड्यांपूर्वीं शेताच्या वाटेवर याच चाकांत खिळा शिरला होता. पाऊस पडत होता. चिखलांत उभा राहून मींच स्टेपनी चढविली, चाक अधांतरीं असतांना नट आवळले, जॅक काढला आणि घाईनें निघालों. चाक जमिनीवर टेकल्यावर नट पुन्हां आवळावयाचे असतात हें मला ठाऊक होतें; पण भिजलेल्या माणसाचा धीर सुटला. बेअरिंगच्या नादीं लागून इंजिन उतरविलें असतें, तर बियाण्याचा पैसा गेला असता आणि ठोका तसाच राहिला असता. इंजिन न उतरवितां तसेंच लग्नास निघालों असतों, तर घाटाच्या वळणावर चाक निखळण्याचें भय होतें. त्या मोटारींत माझीं नातवंडें असतीं.

मोटार त्याच जागीं उभी ठेविली व मिस्त्रीस तेथें बोलाविलें. चाकाचीं भोंकें घांसून लांबट झालीं होतीं. म्हणून चाकाची तबकडी, बोल्ट व नट नवीन घातले. खर्च आला तो त्या अंदाजाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. मिस्त्री सज्जन माणूस, तो एवढेंच म्हणाला, “भाऊसाहेब, पुढच्या वेळीं रोग सांगूं नका, लक्षण सांगा.”

ग्रह आणि शोध

ही चूक अडाण्यांचीच होते असें नाहीं. पेट्रोलच्या इंजिनांत चढावर, भार असतां, डब्यांत खडे हलविल्यासारखा जो आवाज होतो, त्याचा शोध मोठा बोधप्रद आहे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेंत शेतांवरील घरांना वीज पुरविणारे लहान इंजिनसंच निघाले. ते रॉकेलवर चालत व ठोका देत. दोष ठिणगीच्या यंत्रणेवर येत होता. चार्ल्स केटरिंग यांनीं १९१६ मध्यें आपले साहाय्यक टॉमस मिजली यांस या कामीं नेमिलें. त्यांनीं सिलिंडरमधील दाबाची मापें घेतलीं, तेव्हां ठोका ठिणगीच्या पूर्वीं नव्हे, तर नंतर बसतो असें दिसून आलें. ज्योत पोंचण्याआधींच शिल्लक मिश्रण आपोआप एकदम पेटतें. दोष इंधनाच्या गुणाचा होता. पुढें या गुणाचें माप ‘ऑक्टेन’ या अंकानें होऊं लागलें.

परंतु याच हकीकतीचा उत्तरार्ध सावध करणारा आहे. ९ डिसेंबर १९२१ रोजीं मिजली यांस शिशाचें एक संयुग ठोका बंद करतें असें आढळलें. आवाज थांबला, पण विष पेट्रोलमध्यें शिरलें. १९२४ मध्यें न्यू जर्सी येथील कारखान्यांत तें तयार करणारे पांच कामगार मरण पावले. तरीही त्याचा वापर जगभर पसरला. भारतांत मोटारींसाठीं शिसेयुक्त पेट्रोल २००० सालीं बंद झालें आणि जगांतून तें जाण्यास २०२१ साल उजाडलें. आवाज बंद होणें आणि दोष जाणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ठोका येतो म्हणून इंजिनांत दाट तेल ओतून तो दडपणारांनीं हें ध्यानीं ठेवावें.

चाकाच्या नटांविषयीं

शेवटीं, माझ्या चुकीवरून चार नियम सांगतों. ते मोटारीस, ट्रॅक्टरास व ऊस भरलेल्या ट्रॉलीस सारखेच लागू आहेत.

१. चाक चढविण्यापूर्वीं बसण्याच्या जागेवरील चिखल व गंज पुसून काढावा. मधें माती राहिली तर ती पुढें झडते आणि नट सैल पडतात.

२. सर्व नट प्रथम हातानें बसवावेत. नंतर पान्यानें समोरासमोरचे आळीपाळीनें आवळावेत, एका बाजूनें ओळीनें नव्हे. नटाची निमुळती बाजू असल्यास ती चाकाकडे यावी.

३. जॅक काढून चाक जमिनीवर टेकल्यावर पुन्हां पूर्ण आवळावेत. किती जोरानें, तें वाहनाबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेंत दिलेलें असतें. पान्यावर उभें राहून नाचूं नये. पुस्तिकेंत सांगितल्याशिवाय आट्यांना तेल लावूं नये.

४. सुमारें ८० ते १०० किलोमीटर गेल्यावर नट पुन्हां एकदां तपासावेत. ही एक गोष्ट मीं केली असती तर हा लेख लिहिण्याचा प्रसंगच आला नसता.

आणि चाकाच्या चालीनें ठोका पडत असेल, तर प्रथम नट पाहावेत. मग बाकीचा सर्व तपास. जी गोष्ट फुकट पाहतां येते आणि चुकल्यास प्राणावर बेतते, ती यादींत सर्वांच्या वर असावी.

आम्हीं लग्नास गेलों. घाटाच्या माथ्यावर मीं मोटार थांबविली व पाना काढला. नातवानें विचारलें, “आजोबा, आवाज तर येत नाहीं, मग काय पाहतां?” त्यास सांगितलें तेंच वाचकांस सांगतों : आवाज येत नाहीं, म्हणूनच स्वस्थपणें पाहतां येतें. असो.