घाई त्याची, हात तुझे

दर्पण कॉलनी, ग्वाल्हेर

चि. बाळास,


बिलौआच्या खाणीवर मशीनच्या कामाला लागलास, हे ताईकडून कळलं. तिचा आवाज जरा पडलेलाच होता. आपल्या ग्वाल्हेरच्या मराठी घरांत नोकरी म्हणजे कचेरी, बँक, फार तर शाळा. पोकलेनखाली आडवा पडून पाने फिरवणारा मुलगा त्यांना अजून पचत नाही. पचेल. आयटीआयला डिझेल मेकॅनिक घेतलंस तेव्हा तरी कुठे कुणाला विचारलं होतंस?

मला बोलायचंय ते घाईबद्दल. मशीन बंद पडलं की मालक डोक्यावर येऊन उभा राहतो. डंपर रांगेत, क्रशर रिकामा, भाडं तासावर. त्याची घाई खोटी नसते, पण ती त्याची. तू अंगावर घेऊ नकोस. बूम वर असताना होजला पाना लावायचा नाही, कोणी कितीही ओरडो. बकेट जमिनीला टेकव, इंजिन बंद कर, चावी ऑन ठेवून लीव्हर चारी बाजूंना हलव, टाकीतली हवा सोड. मग चावी काढून स्वतःच्या खिशात घाल. ऑपरेटरच्या खिशात नको.

वीस टनी मशीनच्या मेन लाइनमध्ये साडेतीनशे बारच्या आसपास दाब असतो. मोटारीच्या चाकात असतो दोन-सव्वादोन. होजला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं तर धार दिसतही नाही, फार तर धुरकट वाफ. तिथे हात फिरवून गळती शोधणारे जुने मिस्त्री तुला भेटतील. त्यांचं बाकी सगळं शीक, हे नको. लांब काठीला पुठ्ठा बांधून फिरव, डाग उमटेल. हातमोज्यांवर भिस्त नको. ती धार हातमोजा आणि कातडी दोन्ही भेदते. लागलंच, तर मुंगी चावल्याएवढं टोचतं, रक्तही धड येत नाही, आणि माणूस पुन्हा कामाला लागतो. आत मात्र तेल पसरून मांस मरत जातं आणि वेळेत ऑपरेशन झालं नाही तर बोटावर बेततं. तडक जयारोग्य रुग्णालय गाठ. नुसतं ‘टोचलं’ म्हणू नकोस. दाबाखालचं हायड्रॉलिक तेल आत गेलंय, असं स्पष्ट सांग.

ट्रॅक ढिला करतानाही तेच. ग्रीसचा व्हॉल्व्ह एका आट्याहून जास्त सोडायचा नाही, आणि त्याच्यासमोर तोंड न्यायचं नाही. उडून येतो.

आता पंपाचं. मशीन सुस्त झालं की ‘पंप गेला’ म्हणून मोकळे होणारे पुष्कळ. तू आधी तेलाची पातळी बघ, गेज लाव, फिल्टर कापून त्याच्या घड्या उजेडात उलगड. पितळी चमक दिसली तर पंप किंवा मोटर झिजतेय, काळे रबरी कण असतील तर सील. लोखंडाचा चुरा चुंबकाला कळतो. बिलौआची काळी धूळ फार वाईट. उघडा पाईप लगेच बूच लावून बंद कर, नाहीतर बसवलेला नवा पंपही महिनाभरात रडायला लागेल.

रविवारी सुट्टी मिळाली तर इकडे ये. माझा गेजचा डबा तुला देतो. फक्त मोठ्या गेजचा काटा शून्यावर येत नाही, तेवढा तपासून घे.

तुझा,
मामा