इस्त्रीला दोष देण्याआधी

प्रोजेक्टचे दिवस आले की डिप्लोमाची मुलं माझ्याकडे फसलेले बोर्ड घेऊन येतात. ट्रॅक तुटलेले, पॅड अर्धवट, आणि तोंडी एकच वाक्य: "काका, इस्त्री कमी पडली." मग पुढच्या खेपेला ती इस्त्री जास्त तापवतात, जोर लावून घासतात. टोनर पसरतो आणि शेजारचे दोन ट्रॅक गळ्यात गळा घालून बसतात. इतकी वर्षं घरी सर्किटचे बोर्ड (पीसीबी) केल्यावर माझं मत ठाम झालं आहे: इस्त्री बहुतेक वेळा निर्दोष असते. बोर्ड तिच्याआधीच बिघडतो, आणि खरा धोका तिच्यानंतर सुरू होतो.

टोनर ही शाई नव्हे, ती रंग मिसळलेली प्लॅस्टिकची भुकटी आहे. लेझर प्रिंटर ती कागदावर वितळवून बसवतो; आपण इस्त्रीने ती पुन्हा वितळवून तांब्यावर उतरवतो. फेरिक क्लोराइड तांबं खातं, प्लॅस्टिक खात नाही, म्हणून टोनरखालचे ट्रॅक वाचतात. इंकजेटचा प्रिंट इथे चालत नाही. कागद गुळगुळीत हवा. रद्दीतल्या मासिकाचं चकचकीत पानही चालतं, फक्त ते प्रिंटरमध्ये अडकू शकतं. इंकजेटसाठीचा प्लॅस्टिकचा थर असलेला फोटो पेपर मात्र लेझर प्रिंटरमध्ये घालू नका. तो आत वितळला, तर झेरॉक्सवाला तुम्हाला पुन्हा दारात उभं करणार नाही.

दुसरी गफलत उलट-सुलटची. सोल्डरच्या बाजूचा नकाशा सॉफ्टवेअर बोर्डातून आरपार पाहिल्यासारखा दाखवतं. तो तसाच छापायचा. इस्त्री करताना तो आपोआप उलटतो. खात्रीसाठी त्याच थरावर एखादा शब्द टाकावा. कागदावर तो उलटा वाचता आला, म्हणजे तांब्यावर सुलटा येणार. छपाई बरोबर १०० टक्क्यांवर हवी. 'पानात बसवा' हा पर्याय चालू राहिला की नकाशा गुपचूप आकसतो आणि ८ पायांच्या आयसीवर ते लक्षातही येत नाही. ४० पायांच्या आयसीत पहिल्या ते विसाव्या पायाचं अंतर ४८.२६ मिमी असतं. ३ टक्के आकसलं तरी जवळजवळ दीड मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणून लांब आयसी किंवा कनेक्टर कागदावर ठेवून बघा आणि मगच पुढे जा.

आता मूळ दुखणं. कॉपर क्लॅड, म्हणजे तांब्याचा थर असलेला कोरा बोर्ड, चकाकतो म्हणजे स्वच्छ आहे असं नाही. बोटांचा तेलकटपणा डोळ्यांना दिसत नाही, टोनरला मात्र लगेच कळतो. भांडी घासायची पावडर आणि बारीक घासणी घेऊन बोर्ड घासा, मग नळाखाली धरा. पाण्याचे थेंब गोळा होऊन ओघळले, तर तेल अजून आहे. पाणी अख्ख्या तांब्यावर पातळ पडद्यासारखं पसरून टिकलं, तर बोर्ड तयार. त्यानंतर तो फक्त कडांनी धरायचा. एवढी एक परीक्षा केली तरी निम्म्या तक्रारी संपतात.

इस्त्री कॉटनवर, आत पाणी नको, खाली सपाट फळी. तीन-चार मिनिटं दाबून ठेवायची, सरकवायची नाही. कडांवर टोकाने दाब द्यायचा. मग बोर्ड निवू द्या आणि पाण्यात सोडा. इथे घाई नडते. कागद लगदा झाल्यावर अंगठ्याने हलकेच चोळायचा. ओढून काढला की टोनरही सोबत येतो. जवळजवळच्या ट्रॅकमध्ये पांढरे तंतू अडकून राहतात, ओले असताना ते दिसत नाहीत. बोर्ड सुकवून भिंगाखाली धरला की दिसतात. ते जुन्या टूथब्रशने काढा, नाहीतर त्यांच्याखालचं तांबं नीट जात नाही. टोनर उडालेली जागा पर्मनंट मार्करने भरा. ट्रॅक १ मिमीच्या आसपास ठेवलेत तर हा सगळा त्रास निम्मा होतो.

फेरिक क्लोराइडबाबत मी कडक आहे. हातमोजे, चष्मा, उघडी खिडकी आणि प्लॅस्टिकचा टब. पाण्यात भुकटी थोडी थोडी टाकायची, कारण ती विरघळताना पाणी चांगलंच तापतं. कपड्यावरचा डाग निघत नाही. स्टीलचं सिंकसुद्धा त्याने खड्डे पडून खराब होतं, तेव्हा स्वयंपाकघरात हे काम नकोच. भोकं पाडताना तोंडाला मास्क लावा, ग्लास इपॉक्सीची धूळ फुप्फुसात जाऊ नये. असल्या बोर्डवर २३० व्होल्टची लाइनही घेऊ नका.

वापरलेलं द्रावण नव्यापेक्षा वाईट, कारण आता त्यात तांबं विरघळलेलं असतं आणि ते पाण्यातल्या जिवांना घातक आहे. ते थंड पेयाच्या बाटलीत कधीही भरू नका. रंग इतका सारखा दिसतो, की लहान मूल तोंडाला लावेल. मोठ्या टबात धुण्याचा सोडा चिमटीचिमटीने घालून फेस येणं थांबेपर्यंत ते शांत करा, गाळ बसू द्या आणि तो सुकवून घातक घरगुती कचऱ्यात वेगळा द्या. कॉलेजच्या प्रयोगशाळेत सोय असेल तर तिथे विचारा. पण बेसिनमध्ये किंवा गटारात नको. एवढं करायची तयारी नसेल, तर बोर्ड सरळ बाहेरून करून घ्या. हल्ली ते फारसं महागही पडत नाही.