खडू, फळा आणि दहा मिनिटे : इंग्रजी अध्यापनाचे काही सुलभ खेळ

महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांत पूर्वी इंग्रजीचा आरंभ पाचव्या इयत्तेपासून होत असे. २००० सालापासून हा विषय पहिल्या इयत्तेपासून शिकविला जाऊ लागला. या निर्णयाला आता दोन तपे लोटली आहेत. तरीही शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालेला ग्रामीण विद्यार्थी इंग्रजीत एखादे साधे वाक्य बोलण्याची वेळ आली की अडखळतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे. प्रस्तुत लेखक पाचवीत इंग्रजी शिकू लागला तेव्हा शब्दांची स्पेलिंगे मोठ्याने घोकणे हाच पाठ असे. शेकडो शब्द पाठ झाले. परंतु पुढे शहरातील महाविद्यालयाच्या खिडकीपाशी प्रवेशअर्ज मागण्याची वेळ आली तेव्हा त्यांतला एकही ओठांवर येईना. मागे उभ्या असलेल्या मुलाने तो अर्ज मागून दिला.

उणीव बुद्धीची नव्हती. भाषा वापरण्याच्या संधीची होती. शहरातील सुस्थित घरात मुलाच्या कानांवर इंग्रजी सहज पडते. शेतमजुराच्या, ऊसतोडणी कामगाराच्या मुलाला ते ऐकण्याचे ठिकाण बहुधा एकच, आणि ते म्हणजे शाळेचा वर्ग. म्हणून त्या वर्गातील प्रत्येक मिनिटाचे मोल मोठे आहे. येथे दिलेल्या खेळांना खडू, फळा, पाटी आणि दहा मिनिटे एवढीच सामग्री पुरते.

आज्ञेचा खेळ

लहान मूल मातृभाषा शिकते तेव्हा आधी पुष्कळ ऐकते आणि 'ये', 'बस', 'दे' या शब्दांना कृतीने उत्तर देते. बोलणे नंतर येते. हेच तत्त्व हॅरोल्ड पामर आणि त्यांच्या कन्या डोरोथी यांनी १९२५ साली टोकियोत प्रसिद्ध केलेल्या कृतियुक्त इंग्रजीच्या पुस्तकात मांडले. पुढे १९६० नंतरच्या दशकात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी त्याला पद्धतीचे रूप दिले.

शिक्षकांनी प्रथम 'स्टँड अप', 'टच युवर नोज', 'वॉक टू द डोअर' असे म्हणत स्वतः कृती करावी. नंतर मुलांनी त्यांच्यासह करावी. तिसऱ्या वेळी शिक्षकांनी केवळ म्हणावे आणि मुलांनी करावे. शेवटी आज्ञा देण्याचे काम मुलांकडे सोपवावे. खेळात रंगत यावी म्हणून 'प्लीज' म्हटले तरच कृती करायची, असा नियम घालता येतो. बुजरे मूल आरंभी काहीच बोलले नाही तरी चालेल. ते ऐकते आहे व समजते आहे, याची साक्ष त्याची कृतीच देते.

घरातले इंग्रजी

आपल्याला इंग्रजी मुळीच येत नाही, हा मुलांचा समज प्रथम दूर झाला पाहिजे. बस, टेबल, डॉक्टर, सायकल, पंप, बॅट, बटण, ट्रॅक्टर हे शब्द निरक्षर आजीच्याही बोलण्यात आहेत. स्वयंपाकघर, शेत, दवाखाना आणि बाजार अशी चार घरे फळ्यावर आखावीत व प्रत्येक गटाने एका घराचे शब्द सांगावेत. बहुतेक वेळा फळा अपुरा पडतो. त्यानंतर शिक्षकांनी त्या शब्दांचे इंग्रजी उच्चार ऐकवावेत आणि प्रत्येकाचे एक लहान वाक्य करून घ्यावे.

ओळखा पाहू

एका मुलाने दप्तरात एखादी वस्तू लपवावी व इतरांनी 'इज इट अ पेन?', 'इज इट अ स्टोन?' असे विचारीत ती ओळखावी. वीस प्रश्नांची मर्यादा ठेवावी. या खेळामागे व्याकरणाचा एक महत्त्वाचा धडा आहे. 'हे पेन आहे का?' असे विचारताना मराठीत 'का' शेवटी येतो; इंग्रजीत मात्र क्रियापद आरंभी जाते. हा फरक नियम सांगून जितका ठसत नाही, तितका तो वीस वेळा प्रश्न विचारल्याने ठसतो.

पुसत जाणारा फळा

फळ्यावर चार सोपी वाक्ये लिहावीत : 'माय नेम इज मीना. आय लिव्ह इन अ व्हिलेज. माय स्कूल इज निअर द रिव्हर. आय वॉक टू स्कूल.' सर्वांनी ती एकत्र वाचावीत. मग शिक्षकांनी एक-दोन शब्द पुसावेत. मुलांनी जणू शब्द तेथेच आहेत अशा रीतीने पुन्हा वाचावे. अशा प्रकारे फळा कोरा होईपर्यंत वाचन चालू ठेवावे. शेवटी प्रत्येकाने मीनाच्या जागी स्वतःचे नाव घालावे आणि आपल्या गावाला लागू पडेल असा बदल करावा. हा बदल केल्यावाचून खेळ संपवू नये. नाही तर ते पाठांतरच ठरेल.

ऐका आणि काढा

शिक्षकांनी 'ड्रॉ अ हाउस', 'ड्रॉ अ ट्री निअर द हाउस', 'ड्रॉ अ डॉग अंडर द ट्री' असे सांगत जावे व मुलांनी पाटीवर चित्र काढावे. मराठीत 'झाडाखाली' हा एकच शब्द होतो आणि 'खाली' त्याच्या शेवटी जोडला जातो. इंग्रजीत तो अर्थ नामाच्या आधी स्वतंत्र शब्दाने येतो. कुत्रा झाडावर चढला की चूक कोठे झाली हे मुलांना आपोआप कळते आणि वर्गात हशाही पिकतो.

एस. टी.चे वेळापत्रक

वरच्या वर्गांसाठी केवळ खेळ पुरेसा नाही. विचाराला खाद्य हवे. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांच्या मार्गदर्शनाखाली दक्षिण भारतातील काही शाळांत एक प्रयोग झाला. तो बंगलोर प्रकल्प म्हणून ओळखला जातो. नकाशे, वेळापत्रके यांवर आधारलेले प्रश्न मुलांनी इंग्रजीतून सोडवावेत आणि अर्थ लावता लावता भाषा आत्मसात व्हावी, असे त्याचे सूत्र होते.

आपल्याकडे असा प्रश्न सहज तयार करता येतो. गावातून बस आठ, नऊ आणि साडेनऊ वाजता सुटते. प्रवासाला दीड तास लागतो. स्थानकापासून तहसील कचेरी वीस मिनिटांच्या वाटेवर आहे. अकरा वाजता तेथे पोहोचायचे, तर सर्वांत उशिराची कोणती बस चालेल? ही माहिती इंग्रजीत फळ्यावर लिहावी. साडेनऊची बस अकराला स्थानकावर येते, म्हणून ती निरुपयोगी. नऊची बस घेतल्यास दहा वाजून पन्नास मिनिटांनी कचेरी गाठता येते. उत्तर 'नाइन ओ'क्लॉक' एवढेच आले तरी मुलाने सर्व मजकूर समजून घेतला आहे, हे सिद्ध होते.

काही पथ्ये

खेळाचे नियम एकदा मराठीत सांगण्यास हरकत नाही. मातृभाषा ही या कामात शत्रू नसून सोबतीण आहे. मूल बोलत असताना त्याला मध्येच थांबवून चूक दाखवू नये. त्याचे बोलणे पूर्ण झाल्यावर शिक्षकांनी तेच वाक्य शुद्ध रूपात सहज उच्चारावे. हरणाऱ्याला वर्गासमोर उभे करू नये. पुढच्या बाकावरील चार मुलेच खेळत राहणार नाहीत, याची दक्षता घ्यावी. द्विशिक्षकी शाळेत चौथीच्या मुलांनी पहिली-दुसरीच्या मुलांना आज्ञा द्याव्यात; त्यात दोघांचाही अभ्यास होतो. प्रत्येक खेळ दहा मिनिटांत आटोपावा आणि मुले 'आणखी एकदा' म्हणत असतानाच थांबावे.

गावाचा वाटा

हे काम एकट्या शिक्षकांचे नव्हे. शिक्षण हक्क कायदा २००९ अन्वये शाळांत व्यवस्थापन समित्या स्थापन झाल्या आहेत. समितीच्या व ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी शाळेला भेट देताना इमारतीबरोबरच मुलांच्या बोलण्याकडेही लक्ष द्यावे. फळ्याला नवा रंग, पुरेसा खडू आणि खेळासाठी मोकळा व्हरांडा या गोष्टी अल्प खर्चात होण्यासारख्या आहेत. पर्यवेक्षक अधिकाऱ्यांनीही वर्गात थोडा गलबला ऐकू आला तर तो बेशिस्तीचा मानण्यापूर्वी मुले कोणत्या भाषेत बोलत आहेत, हे पाहावे. भेटीस आलेल्या पाहुण्याने स्पेलिंग विचारण्याऐवजी 'व्हॉट इज युवर नेम?' असे विचारून उत्तराची शांतपणे वाट पाहिली, तर त्या मुलाला मोठा धीर येईल.

इंग्रजी ही उच्च शिक्षणाच्या व अनेक व्यवसायांच्या दारावरची कडी आहे. ती वाजविण्याचे धैर्य खेड्यातील मुलाच्या अंगी याच वयात येऊ शकते. त्यासाठी रोज दहा मिनिटे दिली, तर उद्या कार्यालयाच्या खिडकीपाशी उभ्या राहणाऱ्या आपल्या मुलाला स्वतःचा अर्ज दुसऱ्याकरवी मागावा लागणार नाही.