गंजलेलं बेअरिंग, उलटे आटे

प्रश्न : माझ्या जुन्या माउंटन सायकलचं दोन्ही पायडलांच्या मधलं बेअरिंग गंजून फ्रेममध्ये अडकलं आहे. कितीही जोर लावला तरी हलत नाही. फ्रेम टाकून द्यावी लागेल का?
– एक वाचक, वडनेर भोलजी (ता. नांदुरा)

उत्तर : मुळीच नाही. बहुतेकदा जोर कमी पडत नाही, दिशा चुकते. सगळे आटे डावीकडे फिरवूनच सुटतात हा समज इथे नडतो. माउंटन सायकलला चेनच्या बाजूचे आटे सहसा उलटे असतात. त्या बाजूचा कप, म्हणजे बेअरिंग धरून ठेवणारी आट्यांची वाटी, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सुटतो. तुम्ही कदाचित तो आणखी आवळत आला आहात.

सीटची दांडी काढा आणि उभ्या नळीतून गंज सोडवणारं तेल ओता. सायकल एक रात्र एका कुशीवर, दुसऱ्या रात्री दुसऱ्या कुशीवर निजवा. घाई करू नका. मग खाचांत नेमका बसणारा पाना क्रँकच्या बोल्टने आणि वॉशरने दाबून धरा, दांड्याला लांब पाइप लावा. छिन्नी-हातोडा नको, खाचा गेल्या की काम अवघड होतं. तेल ओतल्यावर आच तर अजिबात लावू नका.

नवीन बेअरिंग घेण्याआधी ते ज्या आडव्या नळीत बसतं तिची रुंदी मोजा, बहुधा ६८ किंवा ७३ मिलिमीटर भरेल. बसवताना आट्यांना ग्रीस नक्की लावा.