यात्रा, सण आणि साथरोग : वऱ्हाडच्या अनुभवातून घ्यावयाचा धडा

श्रावणातील शेवटचा सोमवार हा अकोला शहराच्या जीवनातील मोठा दिवस होय. गांधीग्राम येथे पूर्णा नदीचे जल कावडीत भरून, सुमारे १८ किलोमीटरची वाट पायी चालून, भाविक ते ग्रामदैवत श्री राजराजेश्वरास अर्पण करतात. त्या रात्री हा सारा रस्ता माणसांनी फुललेला असतो. २०२० व २०२१ या दोन वर्षी मात्र मंडळांच्या मोठ्या कावड मिरवणुका निघाल्या नाहीत. मोजक्या भाविकांनी मानाची पालखी नेली आणि परंपरा सांभाळली. उत्सवाचे रूप आटोपशीर झाले, पण उत्सवात खंड पडला नाही.

कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी जाहीर केले. यात्रा, विवाह आणि सणांचे मेळावे पूर्ववत भरू लागले आहेत. अशा निवांत काळातच मागील अनुभवाचा शांतपणे विचार करणे हितावह असते. साथ दाराशी आल्यावर विचाराला उसंत मिळत नाही.

साथ माणसाबरोबर प्रवास करते

साथरोग आणि प्रवास यांचा संबंध वऱ्हाडास नवा नाही. मुंबईहून निघालेला लोहमार्ग वऱ्हाडातून १८६७ साली नागपूरपर्यंत पोहोचला. त्या मार्गाने कापूस मुंबईस जाऊ लागला. त्याच मार्गाने रोगही आत येऊ लागले. मुंबई इलाख्यात प्लेगने थैमान घातले, तेव्हा १८९७ साली साथरोग अधिनियम संमत झाला. रेल्वेने प्रवास करणाऱ्यांची तपासणी करण्याचा आणि संशयितांना वेगळे ठेवण्याचा अधिकार त्यात सरकारला दिलेला आहे. याच कायद्याचा आधार महाराष्ट्र शासनाने मार्च २०२० मध्ये घेतला.

१९१८ सालचा इन्फ्लुएंझा जूनमध्ये मुंबईत प्रकटला आणि शरद ऋतूत अधिक उग्र रूपाने देशभर पसरला. एक कोटीहून अधिक भारतीय त्यात दगावले, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. ज्या प्रांतांना सर्वाधिक झळ पोहोचली, त्यांत मध्यप्रांत व वऱ्हाडचा समावेश होता. त्या काळी लस नव्हती, पुरेशी रुग्णालये नव्हती आणि रोगाच्या कारणाचे नीट ज्ञानही नव्हते. आज ही तिन्ही साधने आपल्या हाती आहेत. म्हणूनच आपली जबाबदारी अधिक आहे.

फेब्रुवारी २०२१ चा अनुभव

२०२० च्या अखेरीस राज्यातील रुग्णसंख्या उतरणीला लागली होती. लोकांच्या मनावरील ताण सैल झाला. लग्नसमारंभ पुन्हा गजबजू लागले. १५ जानेवारी २०२१ रोजी ग्रामपंचायतींच्या निवडणुकांचे मतदान झाले. २७ जानेवारीपासून पाचवी ते आठवीचे वर्ग भरू लागले. दुसऱ्याच महिन्यात अमरावती आणि अकोला या जिल्ह्यांतील रुग्णसंख्या झपाट्याने वाढली. २२ फेब्रुवारीपासून अमरावती व अचलपूर या शहरांत एका आठवड्याची टाळेबंदी लागू करावी लागली आणि अकोला जिल्ह्यातही निर्बंध कडक झाले. राज्याच्या इतर अनेक भागांत दुसरी लाट नंतर उसळली. तिची चाहूल प्रथम लागली ती वऱ्हाडात.

या वाढीचे खापर एखाद्या समारंभावर अथवा एखाद्या समाजावर फोडणे योग्य होणार नाही. विषाणूचे रूपही त्या काळात बदलत होते. महाराष्ट्रातील नमुन्यांत नवा प्रकार आढळल्याचे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २४ मार्च २०२१ रोजी जाहीर केले. तथापि विषाणू कोणताही असो, एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाण्यासाठी त्याला माणसांची जवळीक लागते. बंदिस्त जागा, दाट गर्दी आणि दीर्घ सहवास यांतून ती त्याला सहज मिळते.

सण एका दिवसाचा, हिशेब पंधरवड्याचा

जंतू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतच्या काळास अधिशयन काळ म्हणतात. कोविडच्या बाबतीत तो साधारणतः पाच-सहा दिवसांचा, परंतु २ ते १४ दिवसांपर्यंत असू शकतो, असे २०२० मध्ये आढळले. शिवाय बाधित व्यक्ती लक्षणे दिसण्यापूर्वी एक-दोन दिवस आधीपासूनच दुसऱ्यास संसर्ग देऊ शकते. काहींना तर लक्षणे दिसतच नाहीत.

याचा व्यावहारिक अर्थ नीट समजून घ्यावा. पुण्याहून दिवाळीसाठी अकोल्यास आलेला मुलगा ठणठणीत दिसतो. घरात आनंद असतो, एकत्र फराळ होतो, भाऊबीज साजरी होते. मुलगा परत गेल्यावर चार दिवसांनी आजीस ताप येतो. मुलाचा हेतू शुद्ध होता, परंतु रोग हेतू पाहत नाही. सणाच्या दिवशी गावात एकही रुग्ण नव्हता, हे समाधान म्हणूनच अपुरे आहे. सणाचा खरा ताळेबंद पंधरा दिवसांनी लागतो. सावधगिरीचा निर्णय लक्षणे दिसण्याची वाट न पाहता, प्रवासाला निघण्यापूर्वीच घ्यावा लागतो, तो याच कारणामुळे.

प्रवाशाने काय करावे?

महासाथीच्या काळात सणाचा प्रवास करावयाचा झाल्यास पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

१. ताप, खोकला, घसादुखी अशी लक्षणे असल्यास प्रवास रद्द करावा. तिकिटाचे पैसे बुडाले तरी चालतील.

२. उपलब्ध असलेली लस वेळेवर घ्यावी. लस घेतल्यावर संरक्षण निर्माण होण्यास काही दिवस लागतात. निघण्याच्या आदल्या दिवशी घेतलेली लस त्या प्रवासात उपयोगी पडत नाही.

३. एस.टी. बस अथवा रेल्वेच्या डब्यात नाक व तोंड दोन्ही झाकेल अशी मुखपट्टी वापरावी आणि शक्य तेथे खिडकी उघडी ठेवावी. गर्दीचे दिवस टाळून दोन दिवस मागे-पुढे निघणे हा उत्तम उपाय होय.

४. घरी पोहोचल्यावर पहिले काही दिवस वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि मधुमेह वा हृदयविकार असलेल्या व्यक्तींपासून अंतर राखावे. अंगणात, ओसरीवर किंवा गच्चीवर बसून बोलावे. मोकळ्या हवेत संसर्गाचा धोका पुष्कळ कमी असतो.

५. परतल्यावर आजार जाणवल्यास ज्यांच्या घरी राहिलो, त्यांना तत्काळ कळवावे. यात लाजण्यासारखे काही नाही.

पंचायतीचे कार्य

यात्रेच्या नियोजनात वाहनतळ, पाणी व दिवाबत्ती यांचा विचार होतो. साथीच्या काळात त्यात हवा आणि वेळ यांची भर घालावी. कार्यक्रम मंडपाच्या चारही बाजू मोकळ्या ठेवून घ्यावा. दर्शनाची वेळ वाढवून गर्दी विभागावी. पंगत एकाच वेळी न बसवता टप्प्याटप्प्याने बसवावी. हात धुण्यासाठी पाणी व साबण प्रवेशापाशीच ठेवावा. आशा स्वयंसेविका व आरोग्य सेवक यांना पूर्वतयारीच्या बैठकीस बोलवावे आणि यात्रेनंतर दोन आठवडे तापाच्या रुग्णांची घरोघरी विचारपूस करावी.

२०२० साली अनेक गावांनी मुंबई-पुण्याहून परतलेल्या आपल्याच माणसांची सोय जिल्हा परिषदेच्या शाळांत केली. मात्र काही ठिकाणी परतणाऱ्यांकडे संशयाने पाहिले गेले, हेही मान्य केले पाहिजे. वाळीत टाकले जाण्याची भीती असेल, तर माणूस आजार लपवितो आणि लपविलेला आजार साऱ्या गावास भोवतो. विलगीकरणातील व्यक्तीस वेळेवर जेवण, औषध आणि आपुलकीचा शब्द मिळेल, याची हमी पंचायतीने द्यावी.

संयमाचा आदर्श

या काळात सर्व समाजांनी दाखविलेला संयम स्मरणीय आहे. २०२० मध्ये आषाढी वारीच्या पायी दिंड्या निघाल्या नाहीत. संतांच्या पादुका मोजक्या वारकऱ्यांसह बसने पंढरपुरास नेण्यात आल्या. २०२१ मध्ये बसने गेलेल्या दहा मानाच्या पालख्यांत अमरावती जिल्ह्यातील कौंडण्यपूरची रुक्मिणीमातेची पालखी होती. रमजान ईदची नमाज लोकांनी घरोघरी अदा केली. नागपूरच्या दीक्षाभूमीवरील धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा सोहळा २०२० मध्ये स्थगित राहिला आणि अनुयायांनी घरीच अभिवादन केले. श्रद्धा अबाधित राखून तिचा आचार काही काळ बदलता येतो, हे या उदाहरणांतून सिद्ध होते.

शाळेतील पाठ

शिक्षकांनी हा विषय गणिताच्या तासाला घ्यावा. एका बाधिताकडून दोघांस लागण होते असे गृहीत धरले, तर १, २, ४, ८, १६, ३२ अशी संख्या वाढते. पाच फेऱ्यांत एकूण ६३ जण बाधित होतात. आता पहिल्याच फेरीत दोघांऐवजी एकालाच लागण झाली आणि पुढे दुपटीचाच क्रम राहिला, असे मानून विद्यार्थ्यांना बेरीज करावयास सांगावी. उत्तर ३२ येते. म्हणजे आरंभी एका व्यक्तीने पाळलेल्या पथ्यामुळे ३१ जण वाचतात. हे उदाहरण केवळ समजुतीसाठी आहे, परंतु फळ्यावर मांडलेला हा हिशेब मुले घरी जाऊन आई-वडिलांना सांगतील.

अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेल्या संत गाडगेबाबांनी यात्रेच्या ठिकाणी हाती खराटा घेतला आणि यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभारल्या. यात्रेस आलेल्या माणसाच्या आरोग्याची काळजी वाहणे ही सेवाच आहे, हे त्यांनी आचरणातून शिकविले. यात्रेकरू सुखरूप घरी परतावा आणि त्याच्या घरची माणसेही सुखरूप राहावीत, यातच यात्रेची सांगता आहे. पुढील सणापूर्वीच्या ग्रामसभेत या विषयासाठी अर्धा तास राखून ठेवावा.