पंपाची बंदूक पहिल्या दिवशी हातात का देत नाहीत?

प्रश्न : मी दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका पॅकेजिंग कारखान्यात देखभाल विभागाचा सुपरवायझर आहे. हिवाळ्यात आम्ही काही मराठी कुटुंबे मिळून जबल अलीकडे शॉटगनने मातीच्या तबकड्या उडवायला गेलो होतो. तिथे मधोमध मोडणारी, एकावर एक दोन नळ्यांची बंदूक आमच्या हाती आली. सिनेमात पुढची मूठ खटाखट मागेपुढे करून चालवतात ती पंप ॲक्शन का नाही, असे मी विचारले. प्रशिक्षक हसून म्हणाले, "पहिल्या दिवशी हीच." पंपाची बंदूक जास्त जोराची असते का? की तिची सेफ्टी कच्ची असते? ती नीट हाताळायची तर काय शिकावे लागते? आणि मुलाने आठवण म्हणून आणलेले रिकामे काडतूस सुट्टीत पुण्याला नेता येईल का?

उत्तर : आधी जोराचा मुद्दा निकालात काढू. बारा बोअरच्या दोन्ही बंदुकांत एकच काडतूस बसते. एक पौंड शिशाचे बारा सारखे गोळे केले तर त्यातला एक ज्या नळीत नेमका बसेल ती बारा बोअरची नळी. तिचा व्यास साडेअठरा मिलिमीटरच्या आसपास असतो. काडतूस तेच, दारू तीच, छर्रे तेच. मग नळीच्या मागची यंत्रणा मोडणारी असो की सरकणारी, समोर जाणाऱ्या छर्ऱ्यांच्या जोरात सांगण्यासारखा फरक पडत नाही. सेफ्टीही दोन्हींना असते. तेव्हा तुमचे दोन्ही अंदाज चुकले, पण शंका रास्त आहे.

खरे कारण वेगळे आहे. तुमच्या हातातली बंदूक मधोमध मोडली की दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड दिसतो. काडतूस आहे की नाही हे तुम्हाला, शेजारच्याला आणि दहा पावलांवर उभ्या असलेल्या प्रशिक्षकाला एकाच वेळी कळते. मोडलेल्या अवस्थेत ती उडूही शकत नाही. पंपाची बंदूक बंद असली, की भरलेली आणि रिकामी बाहेरून अगदी सारखी दिसते. तुमच्याच कामातले उदाहरण घ्या. यंत्र दुरुस्तीला घेताना मेन स्विच नुसता बंद करून तुम्ही थांबत नाही. त्याला कुलूप घालून पाटी लावता, कारण बंद असल्याची खात्री एकट्या तुम्हाला असून भागत नाही, ती सगळ्यांना डोळ्यांनी दिसायला हवी. मोडलेली दुनळी हे काम आपोआप करते. पंपाच्या बंदुकीत ते माणसाला सवयीने करावे लागते, आणि सवय एका सकाळीत लागत नाही.

ही सवय कशाची, ते कळायला यंत्रणा थोडी समजून घेऊ. पंपाच्या बंदुकीत नळीच्या खाली दुसरी एक नळी असते. तीत काडतुसे आगगाडीच्या डब्यांसारखी एकामागे एक आडवी बसतात आणि त्यांच्यापुढे स्प्रिंग दाबलेली असते. पुढची मूठ पूर्ण मागे ओढली की वरच्या नळीतले वापरलेले काडतूस बाहेर फेकले जाते आणि खालच्या नळीतले एक काडतूस सुटून मागे येते. मूठ पुढे ढकलली की ते वर उचलले जाऊन नळीच्या मागच्या टोकातल्या घरात बसते, मागचे दार कुलूपबंद होते आणि बंदूक उडण्यासाठी तयार होते.

पहिला आणि सर्वांत घातक गैरसमज इथेच जन्मतो. "मी एकदा मूठ ओढली, काडतूस बाहेर पडले, म्हणजे बंदूक रिकामी." मुळीच नाही. ज्या हालचालीने एक काडतूस बाहेर पडले, त्याच हालचालीने दुसरे आत चढले. वरचे घर रिकामे दिसले तरी खालच्या नळीत चार-पाच काडतुसे दबा धरून असू शकतात. दुनळीत दोन काडतुसे काढली की विषय संपतो. इथे मोजावी लागतात, आणि शेवटी मोजणीवरही विश्वास न ठेवता डोळ्यांनी पाहावे लागते.

दुसरी अडचण नवख्यांना नेहमी चकवते. बंदूक तयार अवस्थेत असली की मूठ मागे येतच नाही, ती अडकवलेली असते. उडाल्यावर ती आपोआप सुटते. न उडवता ती सोडवायची, तर ट्रिगरच्या कडीजवळ एक छोटे बटण असते, ते दाबावे लागते. हे बटण ज्याला माहीत नाही तो मूठ हिसकतो, हिसकताना नळी इकडे-तिकडे फिरते, आणि शेवटी "ट्रिगर ओढून पाहू, मग सुटेल" असा विचार त्याच्या मनात येतो. यांत्रिकदृष्ट्या तो विचार बरोबर आहे आणि म्हणूनच भयंकर आहे. मूठ सुटेल खरी, पण आत काडतूस असेल तर गोळी झाडून. त्यामुळे पंपाची बंदूक शिकवणारा चांगला प्रशिक्षक भरण्याआधी रिकामी करणे शिकवतो, आणि त्यातही आधी ते बटण कुठे आहे ते बोटाने शोधायला लावतो.

रिकामी करण्याचा क्रम असा. नळी सुरक्षित दिशेला, म्हणजे रेंजवर मैदानाच्या दिशेला. बोट ट्रिगरच्या कडीच्या बाहेर, सरळ. सेफ्टी लावलेली. मग बटण दाबून मूठ सावकाश मागे घ्यायची आणि वरच्या घरातले काडतूस काढून घ्यायचे. खालच्या नळीतली काडतुसे बहुतेक बंदुकांत एक छोटा अडसर दाबून एकेक करून मागे घेता येतात. हा अडसर प्रत्येक बनावटीत वेगळ्या जागी असतो, म्हणून तो त्याच बंदुकीवर कुणाकडून तरी दाखवून घ्यावा. सगळी निघाली असे वाटले की घरात आणि खालच्या नळीच्या तोंडाशी पाहायचे, मग करंगळी घालून चाचपायचे. अंधारात किंवा घाईत डोळा फसतो, बोट सहसा फसत नाही. नंतर मूठ मागेच ठेवायची. बंदूक कुणाच्या हाती द्यायची ती अशी उघडीच, आणि घेणाऱ्याने तुमच्या शब्दावर न जाता पुन्हा स्वतः पाहायचे. यात कुणाचा अपमान नाही. रेंजवर अनुभवी माणसे एकमेकांना असेच वागवतात.

सेफ्टीबद्दल बोलायचे तर ती एक छोटी कळ आहे, आणि बऱ्याच बंदुकांत ती फक्त ट्रिगर अडवते. झिजलेली, मळ अडकलेली किंवा धक्का बसलेली यंत्रणा दगा देऊ शकते. सेफ्टी लावावी जरूर, पण तिच्या भरवशावर नळी माणसाकडे वळवू नये.

सिनेमाने आणखी एक खोड लावली आहे. नायक शत्रूला दम देण्यासाठी पुन्हा पुन्हा मूठ ओढतो आणि तो आवाज प्रेक्षकाला आवडतो. प्रत्यक्षात बंदूक भरलेली असेल तर अशा प्रत्येक ओढीसरशी एक न वापरलेले काडतूस जमिनीवर पडते, आणि प्रत्येक ढकलीसरशी बंदूक पुन्हा सज्ज होते. उलटी चूकही होते. नवखा माणूस मूठ अर्धवट ओढतो, तेव्हा जुने काडतूस पुरते निघत नाही किंवा नवे वर येत नाही, आणि मध्येच अडकते. अशा वेळी बंदूक स्वतःकडे वळवून आत डोकावण्याचा मोह होतो. तो टाळायचा. नळी मैदानाकडेच ठेवायची, बोट बाहेर काढायचे आणि प्रशिक्षकाला हाक मारायची.

तुमच्या प्रशिक्षकाच्या आग्रहाला खेळाचीही जोड आहे. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या शॉटगन स्पर्धांत पंप ॲक्शन बंदुकीला परवानगीच नाही. मोडणारी बंदूक चालते, आपोआप भरणारीही चालते, पण वापरात नसताना पहिली उघडी ठेवावी लागते आणि दुसरीत रंगीत सुरक्षा-खूण घालावी लागते. शिवाय तबकड्यांच्या खेळात दुसरी गोळी लगेच लागते. संयुक्त अरब अमिरातीला पहिले ऑलिम्पिक पदक मिळाले ते याच खेळात. १७ ऑगस्ट २००४ रोजी अथेन्समध्ये डबल ट्रॅपचे सुवर्ण दुबईच्या शेख अहमद बिन हशर अल मख्तूम यांनी १८९ गुणांनी जिंकले, आणि त्यांच्यामागोमाग १७९ गुणांनी रौप्य मिळवले आपल्या राज्यवर्धनसिंह राठोड यांनी. त्या प्रकारात तेव्हा दोन तबकड्या एकाच वेळी सुटत. दोन नळ्यांच्या बंदुकीत दुसरी गोळी ट्रिगरच्या दुसऱ्या ओढीवर तयार असते, मूठ सरकवताना नेम हलण्याचा प्रश्नच येत नाही. पुढे शेख अहमद यांनी पीटर विल्सन या ब्रिटिश तरुणाला शिकवले आणि त्याने २०१२ मध्ये लंडनला याच प्रकाराचे सुवर्ण घेतले. तेव्हा पहिल्या दिवशी दोन नळ्यांची बंदूक हाती मिळाली यात कमीपणा नाही, ऑलिम्पिकला जाणारे तीच वापरतात.

आता काडतुसांकडे वळू, कारण इथली चूक बंदूक फोडते. बारा बोअरबरोबर वीस बोअरची काडतुसेही मिळतात. वीसचे काडतूस बारीक असते. ते चुकून बाराच्या नळीत गेले तर घसरून पुढे जाते आणि मध्येच अडकते. मागून पाहणाऱ्याला घर रिकामे वाटते, तो बाराचे घालतो आणि उडवतो. पुढे अडथळा असल्याने नळी हाताजवळ फुटते. म्हणूनच वीस बोअरची काडतुसे पिवळ्या रंगाची करण्याचा प्रघात आहे. खिशात दोन प्रकार एकत्र ठेवायचे नाहीत, एवढे साधे पथ्य पुरते. तसेच, एखादा बार नेहमीपेक्षा दबका, फुसका वाटला तर तिथेच थांबावे. काडतुसातली दट्ट्याची चकती नळीत राहिली असू शकते आणि पुढच्या बाराला तोच अडथळा ठरतो. ट्रिगर ओढूनही बार झाला नाही तर लगेच मूठ ओढायची नाही. दारू उशिरा पेट घेऊ शकते. नळी मैदानाकडे ठेवून किमान अर्धा मिनिट थांबायचे आणि प्रशिक्षकाला सांगायचे. पंपाच्या बंदुकीत हे विशेष महत्त्वाचे, कारण हात सवयीने मूठ ओढायला धावतो.

"शॉटगनला नेम लागत नाही, छर्रे छत्रीसारखे पसरतात" असेही लोक म्हणतात. पसरतात, पण सावकाश. तोंडाशी पूर्ण आवळलेल्या नळीतून सुटलेले सत्तर टक्के छर्रे चाळीस यार्डांवर, म्हणजे सुमारे साडेछत्तीस मीटरवर, साधारण पाऊण मीटर व्यासाच्या वर्तुळात असतात. दहा-बारा पावलांवर तर तो एक घट्ट पुंजका असतो. जवळून त्याने होणारी इजा रायफलच्या गोळीहून कमी मानू नये. दुसरीकडे, न लागलेले बारीक छर्रेही दोनशे मीटरच्या पुढे जाऊन पडू शकतात. म्हणून रेंज मोकळ्या जागी असते आणि तबकडीमागे काय आहे याचा विचार रेंज बांधतानाच केलेला असतो. रानात तो विचार बंदूक धरणाऱ्यालाच करावा लागतो. २०२५ च्या सुरुवातीला पालघर जिल्ह्यात मनोरजवळच्या जंगलात रानडुकराच्या शिकारीला गेलेल्यांनी हालचाल पाहून गोळी झाडली, आणि समोर त्यांचाच गावकरी होता. कोकणातल्या ठासणीच्या बंदुकीपासून आधुनिक पंपापर्यंत हा नियम बदलत नाही : समोर काय आहे ते पक्के ओळखल्याशिवाय बोट ट्रिगरवर जाता कामा नये.

कान आणि डोळे यांचे थोडक्यात. शॉटगनचा आवाज दीडशे डेसिबलच्या घरात जातो, आणि असा एकच बारसुद्धा ऐकण्याला कायमची इजा करू शकतो. कानाला संरक्षक आणि डोळ्याला चष्मा बघ्यांनीही लावावा, कारण फुटलेल्या तबकडीचे तुकडे मागे येतात. मुलांना घेऊन रेंजवर जाता, म्हणून आणखी एक : काडतुसे हाताळल्यावर शिशाचा अंश हाताला राहतो. हात साबणाने धुतल्याशिवाय डबा उघडू नका.

एवढे वाचून स्वतःची पंपाची बंदूक घ्यावी असे वाटले, तर अमिरातीत शस्त्र आणि दारूगोळा यांच्यासाठी २०१९ चा १७ क्रमांकाचा संघीय कायदा आहे आणि परवान्याशिवाय काहीही बाळगता येत नाही. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याने तेच बंधन आहे. हौस रेंजवर, त्यांच्या बंदुकीने आणि त्यांच्या देखरेखीत भागवणे सर्वांत सोयीचे. पुण्यात गेलात तर बालेवाडीच्या क्रीडासंकुलात नेमबाजीची रेंज आहे, पण तिथे जाण्याआधी प्रवेशाचे नियम विचारून घ्या.

राहिला मुलाच्या काडतुसाचा प्रश्न. ते पुण्याला नेऊ नका. विमानतळाच्या क्ष-किरण यंत्रात पितळी बूड दिसले की बॅग बाजूला घेतली जाते, आणि ते रिकामे आहे हे सिद्ध करण्यात तुमचे विमान सुटू शकते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ते खरेच रिकामे आहे याची खात्री आधी करायला हवी. बुडावर ठोक्याची खूण आहे एवढ्यावर विसंबू नका. न उडालेल्या काडतुसावरही तशीच खूण असू शकते. पुढचे तोंड उलगडून पूर्ण उघडे झाले असेल आणि आत छर्रे नसतील तर ते उडालेले. तोंड घडी घालून मिटलेले असेल तर ते जिवंत आहे असे समजून घरात न ठेवता त्या रेंजला फोन करा आणि ते सांगतील तसे करा, कारण जिवंत काडतूस परवान्याशिवाय बाळगणे दोन्ही देशांत गुन्हा आहे. आणि सुट्टीला निघण्याआधी त्या दिवशी वापरलेल्या जाकिटाचे आणि बॅगेचे सगळे खिसे उलटे करून पाहा, आतल्या अस्तराच्या खिशासकट.