फवारण्याआधी पान उलटून पाहा
(परसबाग गटांसाठी पाठ)



अर्धापूर म्हटले की केळी आणि हळद डोळ्यांपुढे येते. इथे बागायत आहे, आणि बागायतीबरोबर फवारणी आलीच. याच नांदेड जिल्ह्यात किनवट-माहूरच्या डोंगरपट्ट्यात गोंड, कोलाम, आंध, प्रधान कुटुंबे बहुतेक पावसाच्या भरवशावर कापूस, ज्वारी, तूर घेतात. जमीन वेगळी, पाणी वेगळे. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आढळते. शेतासाठी आणलेली औषधाची बाटली घराच्या कोपऱ्यात असते, आणि परसातल्या वांग्याला अळी दिसली की हात तिच्याकडेच जातो.

पैनगंगेपलीकडचा यवतमाळ जिल्हा आठवा. २०१७ च्या पावसाळ्यात तिथे कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, शेकडो जण रुग्णालयात गेले. त्या वेळी चर्चेत आलेल्या मोनोक्रोटोफॉसला भाजीपाल्यावर वापरण्यास देशात आधीपासूनच बंदी होती. परसबागेचा धोका इथेच आहे. कापूस कोणी खात नाही. परसातली मेथी मात्र सकाळी खुडतात आणि दुपारी लेकरांच्या ताटात असते. फवारणीनंतर किती दिवस थांबायचे हे बाटलीवर लिहिलेले असते, पण भूक लागल्यावर ते कोण वाचणार?

म्हणून गटाचा पहिला नियम असा असावा: शेतातली बाटली आणि शेतातला पंप बागेत आणायचा नाही.

मग करायचे काय? सकाळी पाणी घालताना पान उलटून पाहायचे. मावा, तुडतुडे, पांढरी माशी पानाच्या खालच्या बाजूला बसतात. मावा थोडा असेल तर बोटाने चिरडावा किंवा पाण्याच्या जोरदार धारेने धुवावा. त्याच पानावर लाल पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा दिसला, तर त्याला हात लावू नका. तो आणि त्याची पिल्ले मावाच खातात. वांग्याचा शेंडा मलूल होऊन खाली वाकला की आत अळी आहे असे समजा. शेंडा चार बोटे खालून खुडून जाळा. नुसता बाजूला टाकला तर अळी पुन्हा झाडावर येते. भेंडीची पाने शिरांपासून पिवळी पडू लागली तर तो विषाणूचा रोग आहे. त्याला औषध नाही; पांढरी माशी तो पसरवते, म्हणून ते झाड उपटावे. पिवळा रंग दिलेला पत्र्याचा डबा एरंडेल लावून काठीवर टांगला की माशी त्याला चिकटते.

एवढ्याने भागले नाही तर निंबोळी अर्क. वाळलेल्या निंबोळ्या कुटून ५० ग्रॅम पूड रात्रभर थोड्या पाण्यात भिजवावी, सकाळी फडक्यातून पिळावी, एकूण १ लिटर पाणी करावे आणि त्यात चिमूटभर साबणाचा चुरा विरघळवावा. अर्क त्याच दिवशी वापरावा, आणि तोही संध्याकाळी, कारण त्यातले अझाडिरॅक्टिन उन्हात लवकर निकामी होते. किडे लगेच पटापट पडत नाहीत. त्यांचे खाणे मंदावते, कात टाकणे अडते. दोन दिवसांत ‘हे काही कामाचे नाही’ म्हणून बाटलीकडे परत जाणाऱ्या भगिनींना हे आधीच सांगून ठेवावे. आठ-दहा दिवसांनी पुन्हा फवारावे, आणि भाजी धुऊनच शिजवावी.

घरचे ते निरुपद्रवी, असे मात्र मानू नका. तंबाखूचा काढा हे विषच आहे. दशपर्णी अर्कात कण्हेर आणि रुईही घालतात. शेतात तो चालेल, पण रोज खुडायच्या पालेभाजीवर मला तो नको वाटतो.

एकाच भाजीचा सलग वाफा असला की किडीला मेजवानीच. वांग्याशेजारी कोथिंबीर, टोमॅटोभोवती झेंडू, कुंपणावर दोडका-वाल, कोपऱ्यात शेवगा, मध्ये आपली अंबाडी, अशी मिसळ असावी. आपल्या आजी-आज्या ज्वारीत तूर, मूग, अंबाडी पेरायच्या ते उगाच नव्हे. लातूर-धाराशिवकडे ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेबरोबरच्या महिलांनी घरच्या शेतातला एकरभर तुकडा मागून घेऊन त्यात सेंद्रिय पद्धतीने घरच्या खाण्याची पिके घेतली. २०१७ मध्ये संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले.

सामूहिक बाग बहुधा किडीने नव्हे, तर पाळी चुकल्याने बुडते. पाणी कोणाचे, शेळ्या कोण हाकणार, तोडलेली भाजी कशी वाटायची, हे बी टाकण्याआधी ठरवा. पान पाहण्याचीही पाळी लावा. मुले हे काम मोठ्यांपेक्षा चांगले करतात.

ज्येष्ठ-आषाढात निंबोळ्या पडतील. आपल्या मंडळीच्या आवारात कडुनिंब असेल तर झाडून फेकू नका. पिकलेल्या निंबोळ्यांचा गर धुऊन काढा, बिया सावलीत वाळवा आणि गोणपाटाच्या पिशवीत भरून ठेवा. प्लॅस्टिकमध्ये बुरशी येते. किलोभर निंबोळीत २० लिटर अर्क होतो. आपले कार्यकर्ते श्रावणाआधी किनवटकडे जातील तेव्हा पिशव्या त्यांच्याबरोबर देता येतील.